साथीत रुग्ण उशिरा का पोहोचले? नागपूरच्या वस्त्यांतील अनुभव आणि आरोग्यसेवकांचे काम

वस्तीतली डॉक्टर

नमस्कार. कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटांत मी उत्तर नागपुरातील एका नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. गेल्या आठवड्यात नव्याने रुजू झालेल्या एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले की, पुन्हा अशी साथ आली तर पहिल्या दिवशी आपण काय करायचे. ऑक्सिजन, खाटा, औषधांचा साठा ही उत्तरे जिभेवर होती आणि ती चूकही नाहीत. पण त्या संध्याकाळी घरी येऊन मी माझी जुनी नोंदवही काढली, तेव्हा खरे उत्तर तिच्यात आहे असे मला वाटले.

केंद्रातून पुढे पाठविलेल्या प्रत्येक रुग्णासमोर मी 'आजाराचा दिवस कितवा' असा एक रकाना आखला होता. सदनिकांत राहणारे, दाराशी गाडी आणि ओळखीचा डॉक्टर असणारे लोक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेले दिसतात. कळमना, वांजरा, यशोधरानगर या बाजूच्या वस्त्यांतील लोकांसमोर सहा, सात, आठ असे आकडे आहेत आणि बाजारात पोती उचलणाऱ्या एका हमालासमोर अकरा. शेजारच्या रकान्यात मी उशिराचे कारण त्यांच्याच शब्दांत लिहीत असे: 'मजुरी बुडते', 'लेकरू ठेवू कोणाजवळ', 'ऑटो भेटला नाही', 'कागदं जमवत होतो', 'उचलून नेतील म्हणून सांगितलं नाही'.

कोविडमध्ये या दिवसांना फार मोठा अर्थ होता. पहिल्या आठवड्यात ताप, खोकला, अंगदुखी असे. ज्यांचा आजार बिघडायचा त्यांचा तो बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी बिघडे आणि रक्तातील ऑक्सिजन घसरला तरी काहींना दम लागल्याचे जाणवतही नसे. म्हणून आठव्या दिवसानंतर आलेल्या माणसाची उपचारांची वेळ बरेचदा घरीच निघून गेलेली असे.

शहराचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की यातील बरेचसे उलगडते. खासगी रुग्णालयांची दाटी धंतोली आणि रामदासपेठेत आहे. मेडिकल आणि मेयो ही मोठी शासकीय रुग्णालये शहराच्या मधल्या भागात आहेत आणि एम्स थेट शहराबाहेर मिहानला आहे. टाळेबंदीत ऑटो बंद, 'आपली बस' ही शहराची बससेवा बंद, तेव्हा कळमन्याहून मेडिकलला जायचे म्हणजे कोणाची तरी मोटारसायकल मागून, तापलेल्या माणसाला मधे बसवून जायचे. ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१ मध्येच लिहून ठेवले आहे की, जिथे वैद्यकीय सेवेची गरज अधिक असते तिथेच ती मिळण्याची शक्यता कमी असते. त्यांच्या नजरेसमोर वेल्समधील खाणकामगार होते, पण ते वाक्य मला कळमन्याच्या रस्त्यावर पटले.

भीतीबद्दलही लिहिले पाहिजे. नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला आणि एप्रिलमध्ये सतरंजीपुरा, मोमिनपुरा या दाट वस्त्यांत रुग्ण वाढले, तेव्हा शेकडो लोकांना आमदार निवासासारख्या ठिकाणी विलगीकरणात हलविण्यात आले. एका खोलीत आठ माणसे राहतात तिथे घरच्या घरी विलगीकरण शक्य नव्हते, हे मी वैद्यक म्हणून मान्य करते आणि त्यामुळे संसर्गाच्या साखळ्या तुटल्या असतील हेही मान्य करते. परंतु गल्लीत एकाच वेळी गाड्या येऊन कुटुंबेच्या कुटुंबे नेली गेली, ते दृश्य शेजारच्या वस्त्यांनी पाहिले आणि त्यानंतर कित्येक महिने आमच्या कार्यकर्तीने 'ताप आहे का' असे विचारले की दारातून 'नाही' एवढेच उत्तर येई. ती भीती घालवायला आम्हाला जितका काळ लागला तितका चाचण्या सुरू करायलाही लागला नाही.

म्हणून हा धागा काढते आहे. आपल्यापैकी जे त्या काळात रुग्णसेवेत होते, किंवा ज्यांनी रुग्ण घेऊन या शहरात धावपळ केली, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. उशीर कुठे झाला आणि कोणी काय केल्याने तो कमी झाला, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

पाचपावलीकर

डॉक्टर मॅडम, माझी आई आशा कार्यकर्ती आहे. आमचे घर विणकरांचे. आजोबांचा हातमाग होता, आता घरात कोणी विणत नाही, पण गल्लीत अजून मागाचा आवाज येतो. आईच्या सोबत मी सप्टेंबर २०२० मध्ये, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेच्या वेळी, पंधरा-वीस दिवस फिरलो, कारण तिला मोबाइलमध्ये माहिती भरणे जमत नव्हते. त्यातला एक दिवस सांगतो.

एका घरात साठीचे काका माग चालविणारे. आईने त्यांच्या बोटाला रक्तातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावला तर आकडा ८२ दाखवू लागला. मी घाबरून रुग्णवाहिकेचा क्रमांक शोधू लागलो. आईने मात्र ऑक्सिमीटर काढला, काकांची बोटे पाहिली, ती रंगाने आणि घट्ट्यांनी काळी पडली होती आणि नुकतीच गार पाण्यात धुतली होती. तिने त्यांना तळहात एकमेकांवर चोळायला सांगितले, दुसऱ्या हाताचे मधले बोट घेतले आणि आकडा स्थिर होईपर्यंत काही बोलली नाही. ९६ आले. पुढे चौथ्या घरात तिशीची एक बाई होती, आकडा ९५, ताप उतरलेला, ती स्वतः म्हणत होती की आता बरे आहे. आई उठली नाही. तिने त्या बाईला गेल्या आठवड्यात काय काय स्वयंपाक केला ते विचारले. बाई दर तीन शब्दांनंतर थांबत होती. आईने घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट तिच्या छातीकडे पाहिले आणि मला वहीत '३२' लिहायला सांगितले. त्या संध्याकाळी ती बाई भरती झाली आणि बारा दिवसांनी घरी आली.

आईला श्वास मोजायला कोविडने शिकविले नव्हते. लहान बाळांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी आशा कार्यकर्तींना ते आधीपासून शिकवितात. तिने बाळांचे मोठ्यांना लावले, एवढेच.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे असे मला वाटते. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांनी जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप केला, तेव्हा ऐन साथीत संप कसला, असे बोलणारे आमच्याच ओळखीत होते. आईला त्या काळात कामाप्रमाणे मोबदला मिळत होता, मुखपट्ट्या कित्येकदा स्वतःच्या पैशाने घेतल्या होत्या आणि घरी आल्यावर ती अंगणात अंघोळ करून मगच आत येत असे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला, ती बातमी आईने कापून देव्हाऱ्याजवळ लावली आहे. तिचा आनंद खरा आहे, पण पगार अजून ठरावीक नाही.

वस्तीतली डॉक्टर

पाचपावलीकर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे केले त्यामागचे शास्त्र थोडक्यात सांगते, कारण ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पाठवून मोजतो. बोट गार असेल, रक्तप्रवाह कमी असेल, नखाला रंग किंवा बोटाला मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो. त्वचेच्या वर्णाचाही परिणाम होतो: अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवीत असताना प्रत्यक्षात रक्तातील ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होते. उन्हात राबणाऱ्या सावळ्या माणसांच्या आपल्या शहरात ही गोष्ट प्रत्येक आरोग्यसेवकाला ठाऊक असायला हवी. यंत्र धीर देत असेल आणि रुग्णाला वाक्य पूर्ण करता येत नसेल, तर विश्वास रुग्णाच्या श्वासावर ठेवावा. आम्ही पुढे सहा मिनिटे चालण्याची चाचणीही वापरली. चालल्यानंतर आकडा ३ हून अधिक घसरला तर बसलेल्या स्थितीतला ९६ आम्ही ग्राह्य धरत नसू. या चाचणीला एका गल्लीशिवाय आणि घड्याळाशिवाय काहीही लागत नाही.

रातपाळी

मी परिचारिका आहे. एप्रिल २०२१ मध्ये एका मोठ्या शासकीय रुग्णालयाच्या कोविड कक्षात माझी रातपाळी असे, तेवढ्यावरून नाव घेतले आहे.

आमच्याकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर तर होतेच, शिवाय मध्य प्रदेशातील बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचेही रुग्ण येत. डॉक्टर मॅडम म्हणतात तो उशीर त्यांच्या बाबतीत दिवसांचा आणि किलोमीटरचाही होता. तालुक्याला एक रात्र, जिल्ह्याला एक रात्र आणि मग नागपूर. ऑक्सिजनची ओढाताण सर्वांना आठवत असेल. विशाखापट्टणमहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस २३ एप्रिलला नागपुरात पोहोचली आणि तीन टँकर येथे उतरले, त्या रात्री कक्षातल्या आम्ही सगळ्या जणी पाइपवरच्या काट्याकडे पाहत होतो.

परंतु मला विषमतेचा जो भाग जवळून दिसला, तो बातम्यांत फारसा आला नाही. कोविड कक्षात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. ज्यांच्याजवळ स्मार्टफोन होता ते घरच्यांशी बोलत, घरचे डॉक्टरांना फोन करीत, कोणाचा भाऊ कोणाच्या ओळखीचा निघे. धानोऱ्याकडचे एक गोंडी बोलणारे आजोबा चार दिवस एक शब्द बोलले नाहीत. जेवण ठेवले तर खात नव्हते, मास्क काढून टाकत होते, आणि कागदावर 'सहकार्य करीत नाहीत' असा शेरा पडला होता. पाचव्या रात्री आमच्या सफाई कर्मचारी मावशींनी, ज्या मूळच्या गडचिरोलीतील कोरचीच्या, त्यांच्याशी गोंडीत बोलून पाहिले. आजोबांना वाटत होते की तोंडावरचा मास्क बेशुद्ध करण्यासाठी आहे. मावशींनी स्वतः तो आपल्या तोंडाला लावून दाखविला. त्यानंतर त्यांनी तो काढला नाही, आणि मावशी सांगतील तेव्हा ते पालथेही झोपू लागले.

पालथे झोपविणे हा त्या काळातला फार मोलाचा उपचार होता. फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मोकळा होऊन ऑक्सिजन वाढतो. त्याला औषध लागत नाही, पण समजावून सांगणारे माणूस लागते, आणि ज्याला भाषा कळत नाही त्याला ते माणूस मिळत नाही. आम्ही पुढे एक साधी गोष्ट केली: प्रत्येक खाटेवर रुग्णाची भाषा आणि घरच्या एका माणसाचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहू लागलो, आणि दुपारी चार वाजता कक्षाचा एक फोन घेऊन एक परिचारिका ज्यांच्याजवळ फोन नाही त्यांचेच घरी बोलणे करून देई. यासाठी कोणाचा आदेश नव्हता. कक्षप्रमुख सिस्टरांनी ठरविले आणि झाले.

वैनगंगा

आम्ही भंडारा जिल्ह्यातील तुमसरचे. माझ्या वडिलांना घेऊन मी एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात आलो. शासकीय रुग्णालयांत खाट नव्हती, म्हणून एका खासगी रुग्णालयात गेलो. तिथे आधी दोन लाख भरा असे सांगण्यात आले. वडील रुग्णवाहिकेत, सिलिंडर संपत आलेला, आणि मी भावाला फोन करून बैलजोडी विकायला सांगत होतो. पैसे जमायला पाच तास लागले. वडील वाचले नाहीत. त्या पाच तासांमुळेच ते गेले असे मी म्हणणार नाही, कारण ते मला कधीच कळणार नाही.

नंतर मला कळले की राज्य सरकारने २१ मे २०२० रोजीच खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते: साध्या कक्षासाठी दिवसाला ४ हजार, अतिदक्षता विभागासाठी साडेसात हजार आणि व्हेंटिलेटर असेल तर ९ हजार रुपये. महागडी औषधे, पीपीई किट आणि काही तपासण्या त्यात धरलेल्या नव्हत्या, हेही नंतर वाचले. मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना मे २०२० पासून सर्व कार्डधारकांना आणि रहिवाशांना खुली केली होती, हेही मला रुग्णालयाच्या दारात कोणी सांगितले नाही. माझ्या खिशात केशरी शिधापत्रिका होती. शासनाने नियम केला, तो मला लागू होता, आणि मला तो ठाऊक नव्हता. डॉक्टर मॅडम, तुमच्या वहीत कारणांचा रकाना आहे ना, त्यात हेही लिहा की 'नियम ठाऊक नव्हता'.

मानेवाडा दवाखाना

वैनगंगा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटले. मी तीस वर्षांपासून मानेवाडा भागात कौटुंबिक डॉक्टर म्हणून दवाखाना चालवितो आणि खासगी क्षेत्रातला असल्याने मला दोन गोष्टी लिहिणे भाग आहे.

दाखल करण्याआधी अनामत मागणे आणि त्यासाठी धाप लागलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवणे याचे समर्थन कोणत्याही हिशेबाने होऊ शकत नाही. त्याच वेळी हेही खरे की वीस खाटांच्या छोट्या रुग्णालयांना त्या दरांत कर्मचाऱ्यांचे दुप्पट पगार, ऑक्सिजनचे वाढलेले भाव आणि संरक्षक साहित्य बसविणे अवघड जात होते. माझ्या मते दर ठरविणे योग्यच होते, पण सरकारने त्या खाटांचे पैसे रुग्णालयांना थेट आणि वेळेवर दिले असते आणि रुग्णाला पैशांच्या बोलणीतून पूर्ण बाहेर ठेवले असते, तर नियम कागदावर राहिला नसता. देयके तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले आणि त्यांनी काही रकमा परतही करविल्या. पण देयकाची तपासणी माणूस घरी गेल्यावर होते आणि अडवणूक दारात होते.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. मार्च २०२० च्या अखेरीस मी तीन आठवडे दवाखाना बंद ठेवला होता. मला मधुमेह आहे, घरी आई ऐंशीची, आणि संरक्षक साहित्य मिळत नव्हते. त्या तीन आठवड्यांत माझे नेहमीचे रुग्ण औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन घरी बसले. आमच्यासारखे छोटे दवाखाने हेच बहुतेक गरीब माणसांचे पहिले दार असते, आणि ते दार बंद झाल्यामुळे मॅडमच्या रकान्यातले काही दिवस वाढले, हे मी स्वीकारतो. नंतर मी खिडकीला काच लावून, रुग्ण बाहेर अंगणात आणि मी आत, अशा पद्धतीने रोज तीन तास बसू लागलो. ते पहिल्याच आठवड्यात सुचायला हवे होते.

औषधांबद्दलही लिहितो, कारण लोक अजून त्यावरून दुःख करतात. दुसऱ्या लाटेत रेमडेसिविर या इंजेक्शनसाठी घरे गहाण पडली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला शहरासाठी १० हजार कुप्या देण्याचा आदेश द्यावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र नोव्हेंबर २०२० मध्येच त्या औषधाची शिफारस करीत नसल्याचे सांगितले होते. याउलट डेक्सामेथासोन हे जुने, अत्यंत स्वस्त स्टिरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत त्याने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी केले. जे औषध खरोखर जीव वाचवीत होते ते गरिबाला परवडणारे होते, आणि तरीही आपण डॉक्टरांनी नातेवाइकांच्या हाती रेमडेसिविरची चिठ्ठी दिली. ज्याला ते मिळाले नाही तो आजही समजतो की आपण पैशाअभावी माणूस गमावला. माझ्याकडे येणाऱ्या अशा चार-पाच कुटुंबांना मी बसवून हे समजावून सांगितले आहे. हेच स्टिरॉइड ऑक्सिजनची गरज नसताना, साखर न तपासता, पहिल्याच दिवसापासून दिले गेले तिथे पुढे म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण दिसले, हेही सांगितले पाहिजे.

आशिष_सदर

येथे थोडे वेगळे मत मांडतो. या साथीने श्रीमंत-गरीब पाहिले नाही. माझ्या ओळखीतले मोठे व्यावसायिक, डॉक्टर, अधिकारी गेले, आणि वस्त्यांतल्या लोकांची प्रतिकारशक्ती चांगली असल्याने तिथे तुलनेने कमी लोक गेले, असे आम्ही त्या वेळी ऐकत होतो. प्रत्येक गोष्टीत विषमता शोधली तर आरोग्यसेवकांनी केलेले एकूण काम झाकोळले जाईल, असे मला वाटते.

वस्तीतली डॉक्टर

आशिषजी, तुमच्या ओळखीतली माणसे गेली, ते दुःख कोणत्याही तुलनेने लहान होत नाही. पण 'वस्तीत कमी लोक गेले' हे आपण कशावरून म्हणतो ते तपासले पाहिजे. ज्याची चाचणी झाली त्याचाच मृत्यू कोविडच्या नावावर लिहिला गेला. जो चाचणीविना घरीच वारला, त्याच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहिले गेले आणि पुढे ५० हजारांच्या सानुग्रह मदतीसाठी अर्ज करताना त्याच्या बायकोजवळ दाखवायला कागद नव्हता. अशा तीन अर्जांमागे मी स्वतः फिरले आहे. विषमता मोजणीतही असते.

शिवाय कोविडखेरीजचे आजार थांबले नव्हते. २०१९ मध्ये देशात क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, ती २०२० मध्ये सुमारे १८ लाखांवर आली. क्षयरोग कमी झाला म्हणून असे झाले नाही. ते रुग्ण सापडलेच नाहीत आणि घरी खोकत राहिले. क्षयरोग कोणाच्या घरी अधिक असतो हे आपण सर्व जाणतो. आमच्या केंद्रातील उपचार पर्यवेक्षकांनी सायकलवर एक-एक महिन्याच्या गोळ्या घरपोच दिल्या, म्हणून आधीपासून उपचार घेणारे बहुतेक जण टिकले. नवे शोधायला मात्र आमच्याकडे माणसेच उरली नव्हती.

लाल_पेशी

कोविडखेरीजच्या आजारांचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझा मुलगा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण आहे, २०२१ मध्ये तो २३ वर्षांचा होता. विदर्भात, आणि त्यातही आमच्यासारख्या अनुसूचित जातींच्या आणि आदिवासी कुटुंबांत, हा आजार किती आहे ते येथील वाचकांना सांगायला नको.

१ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधी असणाऱ्यांना लस सुरू झाली. सहव्याधींच्या वीस आजारांच्या यादीत सिकलसेलचे नाव होते. मी ती यादी वाचून आनंदाने मुलाची सगळी कागदपत्रे घेऊन लसीकरण केंद्रावर गेले. तिथल्या सिस्टरनी यादी पाहिली, त्याचे वय पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. आजार यादीत होता, पण सिकलसेलचे बहुतेक रुग्ण ४५ च्या आतले असतात. त्याला लस मिळायला मे महिना उलटून गेला.

त्या सिस्टरनी मात्र आम्हाला नुसते परत पाठविले नाही. हायड्रॉक्सीयुरिया या त्याच्या नेहमीच्या औषधाच्या गोळ्या महिन्याच्या ऐवजी तीन महिन्यांच्या मिळाव्यात म्हणून त्यांनी आमच्या दवाखान्यात फोन केला, म्हणजे मुलाला गर्दीत रांगेत उभे राहावे लागू नये. आणि रक्तदान शिबिरे बंद असल्याने रक्ताचा तुटवडा होता, तेव्हा आमच्या बुद्धविहारातील तरुणांनी पाच-पाच जणांच्या गटाने जाऊन रक्त दिले. यादी करणाऱ्यांनी वय आणि आजार यांचा मेळ एकदा सिकलसेलच्या बाह्यरुग्ण विभागात बसून पाहिला असता, तर ही चूक त्यांना दहा मिनिटांत दिसली असती.

गुरुजी_पारशिवनी

लसीचा मुद्दा आला म्हणून दोन ओळी. १८ ते ४४ वयोगटाला मे २०२१ मध्ये केवळ ऑनलाइन नोंदणी करूनच लस मिळत होती. आमच्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रावर सकाळी नागपूरच्या मोटारींची रांग लागे आणि गावातली पोरे कट्ट्यावर बसून पाहत, कारण वेळ खुली होताच शहरातले लोक जागा घेऊन टाकत. शहरातल्यांचा दोष नाही, त्यांनाही लस हवीच होती. २४ मेपासून केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभा मिळाली, पण तोवर गावात 'आपल्यासाठी नाही ते' असा समज बसला होता आणि त्यात अफवांची भर पडली. नोव्हेंबरमधल्या 'हर घर दस्तक' मोहिमेत आरोग्यसेविका धान कापणीच्या बांधावर लस घेऊन आल्या, तेव्हा एका दिवसात जेवढ्या लोकांनी लस घेतली तेवढ्यांनी केंद्रावर महिन्यात घेतली नव्हती. बायांनी हातातला विळा खाली ठेवला, बाही वर केली आणि पुन्हा कापणीला लागल्या.

नळकांडी

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. आपल्याच शहरातील नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटीपीसीआर ही कोविडची चाचणी करण्याची पद्धत काढली आणि मे २०२१ मध्ये तिला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मान्यता मिळाली, हे येथे नोंदवितो. रुग्णाने पंधरा सेकंद गुळणी करून तेच पाणी नळीत सोडायचे. नाकात काडी घालावी लागत नाही, म्हणून प्रशिक्षित माणूस लागत नाही, वेगळे द्रव माध्यम लागत नाही आणि अहवाल सुमारे तीन तासांत येतो. मॅडम, तुमच्या 'चाचणीविना गेला' या वाक्यावर हे खरे उत्तर आहे. ही पद्धत पहिल्या वर्षी हाताशी असती तर दूरच्या पाड्यावरची आशा कार्यकर्तीही नमुने गोळा करू शकली असती. साथ नसताना अशा पद्धतींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना पैसा मिळत राहावा, एवढेच माझे म्हणणे.

वैनगंगा

सर्वांचे वाचले. मानेवाड्याच्या डॉक्टरांनी औषधाबद्दल जे लिहिले त्याने मनावरचे एक ओझे उतरले. आम्हालाही रेमडेसिविरच्या सहापैकी दोनच कुप्या मिळाल्या होत्या. एक विनंती आहे. रुग्णालयांच्या दारावर दर आणि योजना लिहिलेला फलक असावा हे तर आहेच, पण माझ्या वडिलांना वाचता येत नव्हते. म्हणून दारात एक माणूस हवा, ज्याचे काम फक्त एवढेच असेल की आलेल्याची शिधापत्रिका पाहायची आणि कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगायचे.

वस्तीतली डॉक्टर

वैनगंगा, योजनेसाठी काही रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' असतात. ते दिवसा एका टेबलाशी बसतात आणि साथीत रुग्ण रात्री येतात. दारातला माणूस ही तुमची सूचना मी जशीच्या तशी माझ्या सहकाऱ्याला दिली आहे.

त्याला मी जे उत्तर दिले ते येथेही लिहिते. पहिल्या दिवशी करायचे काम साथ येण्याआधीच करून ठेवावे लागेल. आपल्या केंद्राच्या हद्दीतील प्रत्येक गल्लीची यादी हवी: कोणाच्या घरी क्षयरोग, सिकलसेल, मधुमेह, डायलिसिसचा रुग्ण आहे, कोण गरोदर आहे, कोण एकटे राहते, कोणाकडे फोन नाही, घरात कोणती भाषा बोलतात, शिधापत्रिका कोणती आहे आणि रात्री गाडी काढू शकेल असा गल्लीतला माणूस कोण. २०२० मध्ये ही यादी आम्ही साथ सुरू झाल्यावर, दारे बंद होत असताना करायला निघालो. पाचपावलीकर, तुमच्या आईंकडे त्या वेळची वही असेल तर ती आता कितपत उपयोगी पडेल, ते जरा विचाराल का?

पाचपावलीकर

मॅडम, आईला विचारले. वही आहे. काल रात्री तिने ती उघडून पाहिली. २१४ घरे आहेत, त्यातली काही कुटुंबे आता कामठी रोडकडे राहायला गेली आहेत, सात नावांपुढे तिने तेव्हाच रेघ मारली होती, आणि सहा-सात घरांत नवे भाडेकरू आहेत जे छत्तीसगढी बोलतात. भाषेचा रकाना तिच्या वहीत नव्हता, तो तिने पेन्सिलीने आखला आहे. ती विचारते आहे की रविवारी केंद्र उघडे असते का, म्हणजे वही घेऊन येता येईल.

वस्तीतली डॉक्टर

रविवारी बंद असते, पण किल्ली माझ्याकडे आहे. दहा वाजता येते. रातपाळी, आपल्या त्या कोरचीच्या मावशींना छत्तीसगढी येते का?

रातपाळी

येते, मॅडम. कोरची छत्तीसगडच्या सीमेवरच आहे. त्यांना विचारून कळविते.